तारणारा कोण असू शकतो?

ख्रिस्ती धर्मातील दोन गोष्टी मराठी वाचकाला कोड्यात टाकतात. पहिली अतिपरिचयामुळे आणि दुसरी अपरिचयामुळे. ईश्वराने मानवदेह धारण केला हे विधान, दशावतारांच्या कथा ऐकत लहानाचा मोठा झालेल्या माणसास मुळीच विचित्र वाटत नाही. उलट त्याला प्रश्न पडतो तो असा, की एवढ्या साध्या गोष्टीसाठी ख्रिस्ती जगाने शतकानुशतके परिषदा भरवाव्या, सम्राटांनी फर्माने काढावी, बिशपांना हद्दपार व्हावे लागावे आणि मंडळ्यांनी एकमेकींशी कायमची फारकत घ्यावी, असे त्यात होते तरी काय? दुसरी गोष्ट विश्वासाने मिळणाऱ्या तारणाची. कर्म आणि त्याचे फळ यांचा हिशेब जन्मोजन्मी चुकत नाही, हा संस्कार ज्याच्या हाडीमांसी रुजला आहे त्याला, माणसाचे तारण त्याच्या सत्कृत्यांवर अवलंबून नाही असे कोणी सांगितले, की सगळी खतावणीच चुलीत घातल्यासारखे वाटते. कीर्तनात त्याने अजामिळाची कथा ऐकलेली असते खरी. परंतु ती नाममाहात्म्य सांगणारी गोड कथा, तिचा कायद्याच्या कलमासारखा अर्थ लावायचा नसतो, हे तो मनोमन धरून चाललेला असतो.

या दोन गोष्टी माहितीच्या पुस्तकांत निरनिराळ्या प्रकरणांत येतात, आणि त्यामुळेच दोन्ही दुर्बोध होतात, असे माझे मत आहे. वस्तुतः त्या एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. येशू कोण होता, या प्रश्नाचे उत्तर प्राचीन ख्रिस्ती मंडळीने माणसाचे तारण कशाने होऊ शकते या प्रश्नातून काढले. आणि तारण विश्वासाने का, याचे उत्तर पुन्हा येशू कोण होता यातून काढले. ही उलगड कशी होत गेली, ते क्रमाने पाहू.

एकाच देवाच्या मुलखात

येशू यहुदी होता, त्याचे पहिले शिष्यही यहुदी होते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे सृष्टी आणि तिचा कर्ता यांच्यामधली रेषा बहुधा पुसट असते. अद्वैत मानणाऱ्याच्या लेखी तर ती अखेरीस उरतच नाही. यहुदी धर्मात मात्र ती रेषा अनुल्लंघनीय होती. देव एकच, तो कोणी निर्मिलेला नाही. बाकीचे जे काही आहे, मग ते आकाशातील दूत असोत की नदीतील खडे, ते सारे निर्मित. देवाची मूर्ती करायची नाही, त्याचे नावदेखील उच्चारायचे नाही, आणि निर्मित वस्तूपुढे गुडघा टेकणे हे पापांतले पाप. हा निर्बंध किती जिवंत होता याचा एक दाखला पुरे आहे. इसवी सन 40 च्या सुमारास रोमचा सम्राट कॅलिग्युला याने यरुशलेमच्या मंदिरात आपला पुतळा बसविण्याचा हुकूम सोडला, तेव्हा हजारो यहुदी, आम्हांला आधी ठार करा, असे म्हणत रोमन अधिकाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. सम्राटाचाच पुढील वर्षी खून झाला म्हणून तो प्रसंग टळला.

येशूला वधस्तंभावर खिळले ते या घटनेच्या सुमारे दहा वर्षे आधी. असल्या कडव्या एकेश्वरवादी समाजातच, त्याच पिढीत, मृत्युदंड झालेल्या एका सुताराला उद्देशून प्रार्थना म्हणणारे लोक निघाले, हे खरे ऐतिहासिक कोडे आहे. पौल हा परूशी पंथाचा, धर्मशास्त्रात मुरलेला यहुदी. इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात लिहिलेली त्याची पत्रे ही आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी ख्रिस्ती कागदपत्रे होत. यहुद्यांच्या ग्रीक धर्मग्रंथांत देवाच्या नावाच्या जागी जी ‘प्रभू’ ही पदवी योजलेली असे, तीच या पत्रांत सर्रास येशूला लावलेली आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर, देवस्वरूप असूनही ज्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले अशा ख्रिस्ताचे स्तवन येते, आणि ते पौलाच्याही आधीपासून मंडळीत म्हटले जात असावे असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. पुढे 112 च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला जो अहवाल धाडला, त्यातही ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, अशी नोंद आहे. प्लिनीला या लोकांविषयी यत्किंचितही प्रेम नव्हते. म्हणून त्याची साक्ष मोलाची.

सारांश, उपासना आधी सुरू झाली आणि तिची उपपत्ती मागाहून आली. देव दोन आहेत असे म्हणणे या लोकांना शक्य नव्हते, आणि येशूची उपासना सोडून देणेही शक्य नव्हते. या पेचातून वाट काढण्यात पुढची तीन शतके गेली.

सोपी उत्तरे आणि एरियस

सोपी उत्तरे पुष्कळ पुढे आली. येशू देवच होता, त्याचा देह केवळ भासमान होता, असे काहींनी म्हटले. पण मग त्याच्या यातना हे नाटक ठरले. तो सत्पुरुष होता आणि बाप्तिस्म्याच्या वेळी देवाने त्याला दत्तक घेतले, असे इतरांनी म्हटले. सबेलियस नावाच्या एका आचार्याच्या पंथाने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची तीन सोंगे मानली. परंतु गेथशेमाने बागेत अटकेच्या रात्री येशू प्रार्थना करीत होता ती मग कोणाला, या साध्या प्रश्नापुढे ते मत टिकले नाही.

खरे आव्हान उभे केले ते एरियसने. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीतला हा धर्मगुरू विरक्त, विद्वान आणि लोकप्रिय होता. आपली मते त्याने पद्यात गुंफली आणि खलाशांपर्यंत ती गाण्यांतून पोहोचली, असे जुने इतिहासकार सांगतात. 318 च्या सुमारास आपल्याच बिशपाशी त्याची तकरार जुंपली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जो कोणापासूनही उत्पन्न झालेला नाही तोच देव, आणि असा एकच असू शकतो. पुत्र पित्यापासून झाला, म्हणजे त्याला आरंभ आहे. ज्याला आरंभ आहे तो कितीही श्रेष्ठ असला तरी निर्मितच. देवाने त्याला सर्वांच्या आधी घडविले आणि त्याच्या द्वारे बाकीची सृष्टी घडविली. तो सृष्टीतला पहिला आणि परमोच्च, परंतु सृष्टीतलाच.

मंडळीच्या जुन्या इतिहासग्रंथांत एरियसला राक्षसासारखे रंगविलेले आढळते, ते मला अन्यायाचे वाटते. त्याची तर्कसरणी त्याच्या विरोधकांपेक्षा पुष्कळच सुटसुटीत होती, एकेश्वरवाद तिच्यात अबाधित राहत होता, आणि ख्रिस्ताविषयीचा आदरही उणा होत नव्हता. मग ती नाकारली का गेली? सुटसुटीतपणात ती उणी पडली नाही. उणी पडली ती निराळ्याच ठिकाणी.

निकीया, 325

सम्राट कॉन्स्टंटाईनने 324 साली आपल्या अखेरच्या प्रतिस्पर्ध्याचा पाडाव करून सारे साम्राज्य एकछत्री केले होते, आणि नव्याने राजाश्रय मिळालेला धर्म आतूनच दुभंगावा हे त्याला परवडणारे नव्हते. त्याने 325 साली निकीया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक या तळ्याकाठच्या गावी, बिशपांची परिषद बोलाविली आणि त्यांच्या प्रवासासाठी सरकारी टपालाच्या गाड्याघोडे मोकळे केले. ख्रिस्ती लोकांचा शेवटचा मोठा छळ थांबून जेमतेम बारा वर्षे लोटली होती. जमलेल्यांपैकी काहींच्या अंगावर त्या छळाच्या खुणा होत्या, आणि आता तेच सम्राटाच्या वाड्यात सन्मानाने बसले होते. परिषदेने मतांगीकाराचा जो मसुदा मंजूर केला त्याचा आशय असा, की पुत्र निर्मिलेला नाही; तो पित्यापासून जन्मलेला, पित्याशी एकतत्त्व आणि खऱ्या अर्थाने देव आहे. एरियस आणि त्याचा पक्ष न सोडणारे लिबियाचे दोन बिशप हद्दपार झाले.

> चौकट : निकीयाविषयी तीन गैरसमज
>
> येशू देव आहे की नाही यावर निकीयात मतदान झाले आणि तेव्हापासून तो देव ठरला, अशी एक समजूत लोकप्रिय कादंबऱ्यांनी रूढ केली आहे. वास्तविक दोन्ही पक्ष ख्रिस्ताची उपासना करीतच तेथे आले होते. वाद होता तो त्याचे देवत्व कोणत्या अर्थाने घ्यायचे याचा.
>
> बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत हे निकीयात ठरले, हीही दंतकथाच. परिषदेच्या नियमांत तो विषय नाही.
>
> बिशपांची संख्या परंपरेने 318 सांगतात. ती अब्राहामाच्या सेवकांच्या बायबलमधील संख्येशी जुळणारी आहे, आणि प्रत्यक्ष उपस्थिती तिच्याहून कमी असावी असे आजचे इतिहासकार मानतात.

सम्राटाने दंडुका उगारला म्हणून हा सिद्धांत प्रस्थापित झाला, असेही म्हटले जाते. परंतु पुढील इतिहास निराळेच सांगतो. खुद्द कॉन्स्टंटाईनचे मन काही वर्षांतच पालटले, आणि 337 साली मृत्युशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला तो एरियसला अनुकूल असलेल्या एका बिशपाच्या हातून. त्याचा पुत्र कॉन्स्टंटियस तर निकीयाच्या मताचा उघड विरोधक होता. अथनेशियस हा निकीयाला केवळ बिशपाचा सहायक म्हणून गेलेला तरुण 328 साली अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि 373 साली मरेपर्यंत त्या मताचा मुख्य कैवारी राहिला. या पंचेचाळीस वर्षांत त्याला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली, आणि त्याची सुमारे सतरा वर्षे परागंदा अवस्थेत गेली. तो सौम्य स्वभावाचा संत नव्हता. वादात तो कठोर आणि प्रसंगी अनुदार असे. पण दंडुका बहुतेक काळ त्याच्या हातात नव्हता, त्याच्या पाठीवर होता. निकीयाचा मतांगीकार पुन्हा दृढ झाला तो 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत, आणि आज जगभरच्या चर्चमध्ये म्हटला जातो तो त्या परिषदेशी निगडित असलेला विस्तृत पाठ.

अथनेशियसचा युक्तिवाद

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एरियस कोठे उणा पडला, हे अथनेशियसने देहधारणेवरील आपल्या प्रबंधात आणि नंतरच्या वादग्रंथांत दाखविले, आणि त्याचा युक्तिवाद समजला की सगळ्या प्रकरणाची किल्ली हाती येते.

माणसाची अडचण काय आहे, येथून तो सुरुवात करतो. अडचण एवढीच असती, की माणसाने काही आगळिका केल्या, तर पश्चात्ताप आणि क्षमा यांवर काम भागले असते. पण रोग खोल आहे. माणूस शून्यातून निर्मिला गेला. त्याचे अस्तित्व स्वयंभू नाही, ते जीवनाच्या मूळ झऱ्याशी जोडलेले आहे तोवरच टिकते. पापाने तो जोड तुटला, आणि माणूस पुन्हा शून्याकडे घसरू लागला. मृत्यू ही त्या घसरणीची दृश्य खूण. तेव्हा तारण म्हणजे झालेल्या चुका माफ होणे इतकेच नसून, तुटलेले जीवन पुन्हा मुळाशी सांधले जाणे.

हे सांधण्याचे काम कोण करू शकेल? एरियसचा परमोच्च निर्मित पुत्र करू शकेल का? अथनेशियस म्हणतो, नाही. कारण निर्मित वस्तू कितीही उंचावरची असली तरी तिचे जीवन तिला दिलेले असते, तिचे स्वतःचे नसते. आणि जे आपले नाही ते दुसऱ्याला कायमचे बहाल करता येत नाही. मधला दुवा स्वतःच रेषेच्या या बाजूचा असेल, तर रेषा ओलांडली जाणार कशी? म्हणून तारणारा देवच असला पाहिजे. पण तेवढ्यानेही भागत नाही. मृत्यू मानवदेहात मुरलेला असल्यामुळे त्याचा पराभवही मानवदेहातच व्हावयास हवा. म्हणून तारणारा खराखुरा माणूसही असला पाहिजे. ख्रिस्ताला मानवी देह होता पण मानवी बुद्धी नव्हती, असे मत अपोलिनारिसने मांडले तेव्हा नाझियान्झसच्या ग्रेगरीने हेच सूत्र पुढे चालवून उत्तर दिले : माणसाचा जो अंश ख्रिस्ताने स्वीकारलाच नाही तो बरा झाला असे म्हणता येणार नाही, आणि बुद्धीला तर औषधाची सर्वाधिक गरज आहे!

अथनेशियसचा आणखी एक मुद्दा व्यवहारातला होता, आणि सामान्य जनांवर बहुधा त्याचाच अधिक परिणाम झाला असावा. मंडळीत प्रत्येकाचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने होतो, आणि प्रार्थना ख्रिस्ताला केली जाते. पुत्र निर्मित असेल तर हे सारे लोक निर्मित वस्तूची उपासना करीत आले, म्हणजे ज्या मूर्तिपूजेचा त्यांनी त्याग केला तिच्यातच ते आजवर होते, असे कबूल करावे लागेल. एरियसच्या अनुयायांनी प्रार्थना तर सोडली नव्हती. त्यांचा सिद्धांत आणि त्यांची उपासना यांचा मेळ बसत नव्हता. निकीयाच्या पक्षाचा सिद्धांत अवघड होता, पण त्याचा उपासनेशी मेळ होता.

एकाच व्यक्तीत देवत्व आणि मनुष्यत्व नांदते कसे, याचा निवाडा 451 साली खाल्सिडॉनच्या परिषदेने केला : व्यक्ती एक, स्वभाव दोन; ते मिसळलेले नाहीत, पालटलेले नाहीत, विभागलेले नाहीत, विलग नाहीत. चारही नकारच आहेत, हे लक्षात येण्याजोगे आहे. परिषदेने गूढ उकलले नाही; कोणत्या वाटांनी जाऊ नये एवढ्याच पाट्या लावल्या. इजिप्तच्या कॉप्टिक, तसेच आर्मेनियन आणि सिरियन मंडळ्यांना ही शब्दयोजनाही मान्य झाली नाही. केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळी आजही या खाल्सिडॉन न मानणाऱ्या परंपरेतली आहे.

जामिनाचा दाखला

पश्चिमेकडे या विचाराला निराळे वळण लागले. कँटरबरीचा आर्चबिशप असलेल्या अन्सेल्मने 1098 च्या सुमारास, देव माणूस का झाला, या प्रश्नावर एक संवादग्रंथ पुरा केला. त्यात रोग आणि मृत्यू यांच्या जागी ऋण आणि फेड यांची भाषा आहे. आणि ही भाषा आपल्या खेड्यापाड्यांना सावकारशाहीने इतकी शिकविली आहे, की तिच्या आधारे सबंध सिद्धांतच समजावून घेता येईल.

एक कुळ आहे असे धरा. पिढीजात कर्ज फुगून आवाक्याबाहेर गेले आहे. कुळ म्हणते, उद्यापासून मी जास्त राबेन आणि फेडीन. पण त्याचा उद्याचा, परवाचा, सगळा दिवस आधीच धन्याला देणे लागतो. मग जास्तीचे आणायचे कोठून? अन्सेल्मचा मुद्दा नेमका हाच : माणूस जे सत्कृत्य करील ते तो तसेही देवाला देणे लागतोच, त्यातून मागची बाकी फिटत नाही. तेव्हा जामीन हवा. हा जामीन ऐपतदार हवा, नाहीतर त्याच्या सहीला किंमत नाही. आणि तो त्या घरातलाच हवा, कारण फेड व्हायची ती त्या घराण्याकडून. ऐपत फक्त देवाला, देणे फक्त माणसाला. म्हणून जामीन देव आणि माणूस दोन्ही असलेलाच असू शकतो. तो रक्कम चुकती करतो आणि कुळाच्या नावे फारखती लिहून होते.

दाखला कोठे तोकडा पडतो तेही सांगितले पाहिजे. जगातल्या कोणत्याही कचेरीत धनको स्वतःच आपल्या ऋणकोला जामीन राहत नाही, आणि येथे तर तेच घडले असा ख्रिस्ती धर्माचा दावा आहे. शिवाय धनकोला कुळाच्या मनाशी कर्तव्य नसते, त्याला वसुलाशी मतलब. देवाला मात्र वसुलापेक्षा माणूसच परत हवा आहे. पौर्वात्य मंडळ्यांनी तर ही हिशेबाची भाषा कधीच फारशी मनावर घेतली नाही. त्यांना अथनेशियसची जीवन आणि मृत्यू यांची भाषाच अधिक जवळची वाटत आली, आणि खरे सांगायचे तर मलाही तीच अधिक खोल वाटते.

विश्वास म्हणजे काय, आणि काय नव्हे

तरीही विश्वासाचे स्थान समजण्यासाठी ही फारखती सोयीची आहे. विश्वास म्हणजे देवाला द्यायचे दुसऱ्या प्रकारचे नाणे, सत्कृत्यांऐवजी चालणारे स्वस्त चलन, अशी समजूत बाहेरच्यांचीच नव्हे, पुष्कळ ख्रिस्ती लोकांचीही असते. तसे असते तर विश्वास हेही एक कर्मच झाले असते. फेड झालेली आहे. विश्वास म्हणजे ती फारखती हाती घेणे. लूथरचा सहकारी मेलांख्थन याच्यापासून पुढच्या प्रॉटेस्टंट पंडितांनी विश्वासाचे तीन घटक सांगितले : ज्ञान, संमती आणि भरवसा. असा कागद आहे हे कळणे, हे ज्ञान. तो कागद खरा आहे हे मानणे, ही संमती. आणि त्या कागदाच्या जोरावर, आपण ऋणमुक्त आहोत असे समजून मान वर करून जगू लागणे, हा भरवसा. पहिले दोन सैतानालाही असतात, असे हे पंडित याकोबाच्या पत्राच्या आधारे म्हणत; तारण तिसऱ्याशी निगडित आहे.

या विचाराचा उगम पौलाच्या वादांत आहे. यहुदी नसलेल्या नव्या अनुयायांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळावे की नाही, यावर मंडळीत रणकंदन माजले होते, आणि पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अब्राहामाचा पुरावा पुढे केला : त्याने देवाच्या वचनावर भरवसा ठेवला म्हणून तो नीतिमान गणला गेला, आणि नियमशास्त्र तर त्याच्यानंतर कित्येक शतकांनी आले. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस या ब्रिटनमधून आलेल्या तपस्व्याने, माणूस मनात आणील तर आपल्या इच्छाशक्तीने सन्मार्गावर राहू शकतो, असे प्रतिपादले. त्यावर उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने, इच्छाशक्तीच आजारी आहे, देवाच्या कृपेवाचून तिला सन्मार्ग हवाहवासादेखील वाटत नाही, असे उत्तर दिले. 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसचे मत त्याज्य ठरविले.

मार्टिन लूथर हा ऑगस्टीनच्याच नावाच्या संन्यासी संघात 1505 साली दाखल झाला. उपास, जागरणे, तासन्‌तास पापांची कबुली, सगळे करून त्याच्या मनाला चैन पडेना. कारण किती केले म्हणजे पुरे, याचा आकडा कोणीच सांगत नव्हता. विटेनबर्ग येथे पौलाचे रोमकरांस पत्र शिकवीत असताना त्याच्या मनाने घेतले, की तेथे देवाच्या ज्या न्यायीपणाचा उल्लेख आहे तो माणसाला दोषी ठरविणारा नसून माणसाला दान मिळणारा आहे. तशात रोममधील सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी क्षमापत्रे विकली जात होती. पैसा भरला की परलोकातील शिक्षेत सूट, असा त्यांचा बाजारी अर्थ लोक घेत. लूथरने 31 ऑक्टोबर 1517 रोजी त्याविरुद्ध 95 विधाने पुढे केली आणि पश्चिमेची मंडळी दुभंगली.

मग सत्कृत्ये वाया का? लूथरचे उत्तर असे, की सत्कृत्ये तारणाचे कारण नसून परिणाम आहेत. ऋणमुक्त माणूस शेजाऱ्याला मदत करतो ती फेडीच्या धास्तीने करीत नाही. कृतीवाचून विश्वास मेलेला, असे बजावणारे याकोबाचे पत्र त्याला अडचणीचे वाटे, आणि त्याने त्याची किंमत कमी लेखली; येथे तो चुकला, असे त्याचे अनेक चाहतेही म्हणतात. 1547 साली ट्रेंटच्या परिषदेत रोमन कॅथलिक मंडळीने आपले मत निश्चित केले : विश्वास हा तारणाचा आरंभ आणि मूळ खरा, परंतु देव माणसाला केवळ नीतिमान ठरवीत नाही तर आतून नीतिमान करतो, आणि त्या कामात माणसाने कृपेच्या बळावर सहकार्य करावयाचे असते. नीतिमान ‘ठरणे’ आणि नीतिमान ‘होणे’ यांवरून युरोपात किती रक्त सांडले, हे आठवले म्हणजे खेद होतो. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक मंडळी यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि तारण कृपेने मिळते, गुणवत्तेने नव्हे, एवढ्या मूलभूत बाबीत तरी परस्परांवरील जुने शाप आता लागू नाहीत असे मान्य केले.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण

या दोन प्रश्नांची गाठ प्रत्यक्ष एका आयुष्यात कशी पडते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण त्यामुळे त्यांची बुद्धी गप्प बसली नाही. ज्यांच्या आश्रयाला त्या राहत होत्या त्या अँग्लिकन भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, त्याचा अलौकिक जन्म यांविषयी त्यांनी रोखठोक शंका विचारल्या. संस्कृत शास्त्रचर्चेत मुरलेली ही विदुषी, चर्च सांगते म्हणून मान, एवढ्यावर संतुष्ट होणे शक्यच नव्हते. भगिनी जेराल्डीन यांना तो अहंकार वाटला. मला तो वाटत नाही. अथनेशियस आणि एरियस ज्या प्रश्नावर झगडले तोच प्रश्न त्या विचारीत होत्या.

भारतात परतून 1889 साली मुंबईत शारदासदन काढल्यानंतर, 1891 च्या सुमारास त्यांच्या अंतरंगात एक पालट झाला. त्याची हकीकत त्यांनी 1907 साली आपल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने स्वीकारला होता, पण स्वतः ख्रिस्त आपल्याला मिळाला नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली, असा त्या निवेदनाचा आशय. मेलांख्थनच्या भाषेत बोलायचे तर ज्ञान आणि संमती यांपाशी थांबलेला त्यांचा विश्वास येथे भरवशापर्यंत पोहोचला. पहिल्या मंडळीतही भरवसा आणि उपासना हीच आधी होती, आणि पंडितांनी तिची व्याख्या करायला तीन शतके घेतली, हे आपण वर पाहिलेच.

मग इतरांचे काय?

तारणारा एकच आणि तारण त्याच्यावरील विश्वासाने, असे ठरल्यावर ज्यांनी त्याचे नावच ऐकले नाही, किंवा ऐकूनही आपल्या धर्मात राहून जे सचोटीने जगले, त्यांचे काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्यावर ख्रिस्ती जगात एकमत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली असे सांगितले, की स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रांजळपणे देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते; मात्र ते मिळाले तरी ते ख्रिस्ताच्याच कृपेने. अनेक इव्हँजेलिकल पंथांना ही सवलत अमान्य आहे. तसे असेल तर सुवार्ता सांगण्याची निकड काय राहिली, असे ते विचारतात. काही ईशशास्त्रज्ञ, अखेरीस कोणीच गमावला जाणार नाही अशी आशा बाळगतात. तर काही, निवाडा देवावर सोपवून या विषयात मौन पाळतात. परंतु या सर्व पक्षांत एक गोष्ट समान आहे : तारण ज्याला मिळेल त्याला ते ख्रिस्ताकडूनच मिळेल, हे त्यांतील कोणीही नाकारीत नाही, आणि हे मत सोडायचे झाले, तर निकीयाचा निर्णयही सोडावा लागेल, याची जाणीव सगळ्यांना आहे.